केमोच्या खुर्चीत कुठलं गाणं लावायचं? पेशंटसोबत जाणाऱ्या नवख्या माणसांसाठी

बाबांच्या पहिल्या केमोला मी त्यांची सगळ्यात आवडती गवळण मोबाइलवर घेऊन गेले होते. तरुणपणापासून वाडीच्या भजनात मृदुंग वाजवणारा माणूस, मला वाटलं हीच गवळण त्यांना धीर देईल. दिला पण, पहिल्या वेळेला. तिसऱ्या सायकलला, म्हणजे केमोच्या तिसऱ्या फेरीला, मी नुसती पेटीची सुरुवात लावली आणि बाबा म्हणाले, "बंद कर गो ता, माका मळमळता." औषध अजून सुरूपण झालं नव्हतं, सलाईनची सुई तेवढी लागलेली.

म्हणून हे लिहितेय. आमचं गाव कणकवलीच्या पुढे, उपचार मुंबईत, दर २१ दिवसांनी फेरी, आणि या सगळ्यात गाणं कुठे कामाला येतं आणि कुठे उलटतं ते कोणी सांगणारं नव्हतं. मी डॉक्टर नाही, म्युझिक थेरपिस्ट पण नाही, पेशंटसोबत बसणारी मुलगी आहे, पण दीड वर्षात बरंच वाचलं, नर्सना आणि डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते तुमच्यापैकी जे आत्ता पहिल्यांदा फाईल घेऊन निघालेत त्यांच्यासाठी क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट साफ. गाण्याने गाठ विरघळत नाही. अमुक राग रोज पहाटे ऐकला की कॅन्सर जातो, तमुक हर्ट्झचा आवाज पेशी दुरुस्त करतो, असे मेसेज तुम्हाला येणारच, नातेवाईक प्रेमानेच पाठवतात, पण त्याला काही आधार नाही आणि त्यापायी एकही केमो पुढे ढकलू नका. गाणं मदत करतं ती दुसरीकडे. २०२१ मध्ये कोक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) कॅन्सर पेशंट आणि संगीत यावरचे ८१ अभ्यास एकत्र तपासले, त्यात ५५७६ लोक होते, आणि मोठ्या माणसांत भीती, वेदना, थकवा, उदासी कमी व्हायला संगीताचा उपयोग होऊ शकतो असं त्यातून दिसलं. सगळे अभ्यास एकसारखे पक्के नाहीत हे पण त्यांनीच म्हटलंय. माझ्यापुरतं, बाबांचा आवळलेला खांदा खाली आला की मला तेवढं पुरायचं.

आणि दुसरं म्हणजे आपण मोबाइलवर गाणी लावतो ती म्युझिक थेरपी नव्हे. थेरपिस्ट म्हणजे त्यासाठी शिकलेला माणूस, तो पेशंटची अवस्था बघतो, समोर बसून वाजवतो, गाऊन घेतो, श्वासाची लय धरायला शिकवतो, कधी पेशंटकडून स्वतःचं गाणं रचून घेतो, आणि डॉक्टरांच्या टीमबरोबर काम करतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावात असा माणूस मिळणं कठीण. पण मोठ्या हॉस्पिटलात जात असाल तर समाजसेवा विभागात किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या ओपीडीत एकदा विचारा. पॅलिएटिव्ह या शब्दाला घाबरू नका, तो विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो, दुखणं आणि त्रास कमी करायला पहिल्या दिवसापासून असतो. आणि कोणी स्वतःला थेरपिस्ट म्हणवत असेल तर कुठे शिकलात, कॅन्सर पेशंटबरोबर काम केलंय का, हे सरळ विचारायचं. औषध बंद करा म्हणणारा असेल तर तिथूनच परत फिरा.

पहिलं काम: गाणी निवडू नका, विचारा

आपण सगळे इथेच चुकतो. आजारी माणूस म्हणजे शांत बासरी किंवा भक्तिगीत, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. आमच्या शेजारच्या काकींना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांच्या सुनेने रोज संध्याकाळी खाटेजवळ संथ अभंग लावायला सुरुवात केली, खूप मनापासून. चार दिवसांनी काकी रडायला लागल्या. आपल्याकडे बऱ्याच वाड्यांत कोणी गेलं की रात्री भजन बसतं, आणि काकींना वाटायला लागलं की घरातल्यांनी आपल्याला मनातून सोडलंय. त्यांना खरं तर हवी होती गणपतीतली फुगडीची गाणी, जी त्या आणि त्यांच्या बहिणी पदर खोचून म्हणायच्या!

म्हणून एक दिवस निवांत बसा, केमोच्या आदल्या रात्री नको, बॅगा भरायच्या गडबडीत नको, आणि विचारा. लहानपणी घरात काय वाजायचं, रेडिओवर काय ऐकायचात, भाताची लावणी करताना बायका काय म्हणायच्या, लग्नात कुठलं गाणं होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलं गाणं आत्ता अजिबात नको. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा. गेलेल्या भावाची आठवण करून देणारं, भांडणाच्या दिवसातलं, काहीही असू शकतं. कुणाला जाखडी नाचातले सवाल-जवाब हवे असतील, कुणाला शिमग्याचा ढोल, कुणाला कोळीगीतं, मुस्लिम घरात नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गीत) किंवा कव्वाली, कुणाला नुसत्या जुन्या सिनेमाची गाणी. आणि कुणाला काहीच नको असेल. "माका काय नको" हे पण उत्तर आहे, ते मानायचं, महिन्याने परत विचारायचं.

दुसरं काम: तीन डबे करा

हे मी चूक झाल्यावर शिकले. केमोमध्ये शरीर वास, चव, जागा, आवाज सगळं मळमळीशी जोडून टाकतं. १९७८ मध्ये आयलिन बर्नस्टीन या संशोधिकेने दाखवलं होतं की केमोच्या आधी मुलांना एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं तर नंतर ती मुलं तेच आइस्क्रीम टाळतात, त्या आइस्क्रीमचा काही दोष नसताना. काही पेशंटना हॉस्पिटलचं गेट दिसलं तरी ढवळायला लागतं ते याच कारणाने. गाण्याचं पण तसं होऊ शकतं, आणि आमचं झालं.

तर मोबाइलमध्ये तीन प्लेलिस्ट करा. पहिला डबा खुर्चीचा, म्हणजे केमो चालू असताना ऐकायची गाणी: बरी वाटणारी, पण जिवाभावाची नव्हे, उद्या कायमची नकोशी झाली तरी चालेल अशी. नुसती वाद्यं असली तर अजून बरं, आणि दोनतीन सायकलनंतर बदलत राहायचं. दुसरा डबा घरचा, बऱ्या दिवसांसाठी. तिसऱ्या डब्यात ती दोनचार गाणी जी त्या माणसाचा प्राण आहेत. ती हॉस्पिटलात न्यायची नाहीत. रेल्वेत नाही, वेटिंगमध्ये नाही, परत आल्यावर मळमळ चालू असेपर्यंत घरात पण नाही. हे सगळ्या नातेवाईकांना सांगून ठेवा, कारण कोणीतरी भेटायला येतं आणि कौतुकाने नेमकं तेच लावतं.

(मळमळ गाण्याने थांबवायचा हट्ट पण करू नका. उलटीवर चांगली औषधं आहेत, त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ती बदलून मिळतात.)

तिसरं काम: सामान

गाणी डाउनलोड करा, नेटवर भरवसा ठेवू नका. आम्ही तुतारी एक्सप्रेसने दादरला जायचो, कोकण रेल्वेत बोगद्यात शिरलं की रेंज गेली, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि नुकता डोळा लागलेला माणूस गाणं अचानक तुटलं की दचकून उठतो. जाता जाता, रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या. पावसाळ्यात गावी लाइट दोनदोन दिवस नसते तेव्हा पॉवर बँक भरलेली हवी, नाहीतर सेलवर चालणारा छोटा रेडिओ. आकाशवाणी रत्नागिरी ऐकत मोठी झालेली आपली माणसं रेडिओवर जास्त रमतात असं मी बघितलंय, कारण पुढचं गाणं कुठलं ते माहीत नसतं आणि मधे एक माणूस बोलत असतो.

हेडफोन कानावर बसणारा घ्या, कानात खुपसायचा शक्यतो नको, केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना लागण पटकन होते, कानात ओरखडा पण नको असतो. तो फक्त पेशंटचा, शेजारच्या खुर्चीतल्याला द्यायचा नाही, दर वेळी स्पिरिटच्या कापसाने पुसायचा.

आवाज निम्म्याच्या खाली. शेजारी बसून तुम्हाला ऐकू येत असेल तर जास्त आहे. यात एक खास गोष्ट: सिसप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल तर ते स्वतःच कानाला इजा करू शकतं, आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं. अशा पेशंटला मोठा आवाज अजिबात नको, आणि तो सारखा "आवाज वाढव" म्हणायला लागला किंवा कानात गुंई होतंय म्हणाला तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

चौथं काम: प्रत्यक्ष केमोचा दिवस

सकाळी रक्त, मग काउंटची (रक्तातल्या पेशींच्या आकड्याची) वाट, मग डॉक्टर, मग बेड रिकामा व्हायची वाट. हा वाट बघण्याचा वेळ सगळ्यात वाईट असतो, आणि गाण्याचा खरा उपयोग मला इथे जास्त वाटला, औषध चालू असतानापेक्षाही. पण घाबरलेल्या माणसाला एकदम संथ आलाप देऊ नका, तो अजून चिडतो. थेरपिस्ट लोकांची एक जुनी रीत आहे, माणूस जिथे आहे तिथून सुरुवात करायची. जीव धडधडतोय तर आधी जरा चालीचं, ठेक्याचं, मग त्याहून हळू, मग अजून हळू, वीसेक मिनिटांत उतरत यायचं. आपल्या भजनी लोकांना हे उलट दिशेने पाठ आहे, आपण संथ सुरू करून चढवत नेतो, इथे चढलेलं उतरवायचं.

सुई लावताना पेशंटला विचारा, गाणं हवं की माझा हात हवा. बाबांना हात लागायचा.

औषध सुरू झाल्यावर पहिली पंधरावीस मिनिटं मी हेडफोन काढूनच ठेवायचे. काही औषधांची रिअॅक्शन येऊ शकते: खाज, अंगावर चट्टे, छातीत आवळणं, दम लागणं, थंडी वाजणं. त्या वेळी पेशंट बोलू शकला पाहिजे आणि नर्सचं त्याला ऐकू आलं पाहिजे. नंतरसुद्धा एक कान मोकळा ठेवा. काहीही वेगळं वाटलं की आधी नर्स, गाणं नंतर.

एक खूण ठरवा. आमची होती पंजा उघडून वर करणं, म्हणजे लगेच बंद. का, कशाला, हे चांगलं आहे ना, असलं काही विचारायचं नाही. या सगळ्या उपचारात पेशंटच्या हातात काहीच उरत नाही, कधी जेवायचं, कधी झोपायचं, कुठला हात द्यायचा, सगळं दुसरे ठरवतात, तर निदान गाणं बंद करणं तरी त्याच्या हातात असू दे. आणि वीसपंचवीस मिनिटं झाली की थोडी शांतता द्या. तीन तास सलग वाजवलं तर बरा माणूसही वैतागेल. स्पीकरवर लावायचं नाही हे सांगायला नको, शेजारच्या खाटेवरच्याला काय होतंय ते आपल्याला माहीत नसतं.

रेडिएशन आणि स्कॅन वेगळे

रेडिएशनच्या खोलीत पेशंट एकटा असतो, काही मिनिटंच, पण रोज. तोंड-गळ्याचा कॅन्सर असेल तर चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, हेडफोन शक्य नाही. काही ठिकाणी खोलीत स्पीकर असतो, टेक्निशियनला आधी विचारून ठेवा, पेन ड्राइव्ह चालतो का ते पण विचारा. नाही म्हणाले तर एक उपाय आहे जो बाबांनी एमआरआयच्या वेळी केला: मनातल्या मनात ठेका धरला, हात न हलवता, आणि किती आवर्तनं झाली ते मोजत राहिले. एमआरआयच्या खोलीत आपला मोबाइल, हेडफोन, धातूचं काहीही न्यायचं नाही. पेट स्कॅनला इंजेक्शन दिल्यावर तासभर गप्प पडून राहायचं असतं, तिथे ऐकलेलं चालेल का ते स्टाफ सांगेल, विचारल्याशिवाय लावू नका.

घरी आल्यावर

बऱ्याच केमोबरोबर स्टेरॉइड देतात आणि त्याने पहिल्या एकदोन रात्री झोप उडते. रात्री दोन वाजता माणूस टक्क जागा, बाहेर पाऊस कौलांवर, आणि डोक्यात नको ते विचार. इथे ओळखीची, शब्द पाठ असलेली गाणी हळू आवाजात, टायमर लावून, म्हणजे अर्ध्या तासाने आपोआप बंद होतील. नवं काही नको, केमोच्या दिवसांत डोकं जड असतं, नवीन गाण्याकडे लक्ष द्यायला पण ताकद लागते.

दिवसा बरं वाटत असेल तर ऐकण्यापेक्षा गुणगुणणं चांगलं. तोंड मिटून हुं हुं करत लांब श्वास सोडायचा, पाच मिनिटं. पण तोंड आलेलं असेल, घसा सोललेला असेल तर गायला लावू नका. ज्यांचं स्वरयंत्र काढलंय त्यांना गाता येत नाही, त्यांच्यासमोर "गा ना" म्हणणं फार लागतं. मशेरी, तंबाखूमुळे आपल्याकडे तोंड-गळ्याचे पेशंट किती आहेत ते तुम्ही बघताच. त्यांच्या हातात ठेका द्या, पाटावर, डब्यावर, मांडीवर. बोलता येत नसलेला माणूस ठेक्याने उत्तर देतो, मी बघितलंय.

भजन मंडळ घरी बोलवावं का? लोक प्रेमाने येतात, नाही म्हणवत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा गर्दी नको. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर मग रात्र असो की गणपती असोत, लगेच हॉस्पिटल गाठा किंवा फोन करा, घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका. चांगल्या दिवसांत आम्ही असं केलं: चारपाच जणं, त्यातलं कोणी सर्दी-खोकल्याचं नाही, खळ्यात बसायचं, बाबा पडवीत खुर्चीवर, अर्धा तास, चहा देऊन मोकळं. समोरासमोरच्या गाण्याला मोबाइलची सर नाही, कारण गाणारा पेशंटच्या तोंडाकडे बघून लय कमी करतो, थांबतो.

हातांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या घरात तेच मोठं दुःख होतं. बाबांना ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध होतं. त्याने गार वस्तूला हात लागला की मुंग्या, झिणझिण्या, टोचल्यासारखं होतं, आणि पुढे पुढे बोटं बधिर होतात. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन या औषधांनी पण बोटं बधिर होतात. सकाळचे गार पितळी टाळ बाबांच्या हातात दिले आणि ते किंचाळलेच. टाळ आधी फडक्यात गुंडाळून कोमट करा, नाहीतर लाकडी चिपळ्या द्या. बधिरपणा वाढत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवा, ते औषधाचं प्रमाण बदलू शकतात, आणि बरेच पेशंट केमो बंद होईल या भीतीने लपवतात. बाबांनी पण लपवलं होतं. मृदुंगाला हात लावत नव्हते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग आईने युक्ती केली, मृदुंगाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक रोज त्यांच्याकडून मळून घ्यायची, कोमट पाण्यात, चार बोटांनी. वाजवायचं नाही, फक्त कणीक. दोनेक महिन्यांनी एक दिवस त्यांनीच ती पुडीला लावली आणि एक थाप मारली. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असताना मात्र जोरात थापा नकोत, काळेनिळे डाग उठतात.

वही

गाण्याआधी आणि नंतर विचारायचं, दुखणं किंवा भीती ० ते १० मध्ये किती, आणि तारखेसमोर लिहायचं. गाण्याचं नाव पण. चारपाच आठवड्यांत तुम्हालाच दिसेल कुठलं कामाला येतंय आणि कुठल्याने आकडा चढतोय. डॉक्टर हे बघतात, निदान आमचे बघायचे, कारण त्यात दुखणं कधी वाढतं ते दिसतं. दुखण्याचा आकडा सात-आठच्या वरच राहत असेल तर गाण्यावर थांबू नका, डॉक्टरांकडून वेदनेचं औषध वाढवून घ्या.

गाणं ऐकून पेशंट रडला तर घाबरून लगेच बंद करू नका, आधी विचारा, ठेवू की बंद करू. बाबा बऱ्याचदा "ठेव" म्हणायचे आणि रडायचे, मी बाजूला बसायचे. पण कित्येक दिवस कशातच रस नाही, जगून काय करू असं बोलणं येतंय, तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर पण आहे, फुकट, दिवसरात्र चालू, आणि तो पेशंटइतकाच सोबतच्या माणसासाठी आहे. मी स्वतः केलाय.

आणि बिघडलेलं गाणं परत कसं आणायचं? घाई नाही करायची. उपचार संपल्यावर काही महिने जाऊ द्या. मग तेच रेकॉर्डिंग नको, दुसऱ्या आवाजात, दुसऱ्या जागी, जमलं तर समोर बसून गाणारं कोणी, आणि पेशंटला उठून जाता येईल अशा ठिकाणी बसवा. यंदा गणपतीत वाडीतल्या मुलांनी ती गवळण घेतली तेव्हा बाबा उठून मागच्या दाराला गेले. दुसऱ्या कडव्याला परत आले, उभेच राहिले. मोबाइलवरची अजून ऐकत नाहीत, मुलांनी म्हटलेली चालते.